पहाऱ्यावर दोघे

कामाचा प्रकार

फेरीबोटीची तिकिटं देते. धक्क्यावर, दुसऱ्या खिडकीत. खुर्ची दिलेली आहे, पण मला बसवत नाही. उभी राहिले की काचेच्या भोकातून लोकांना माझा चेहरा दिसत नाही, नुसता हात दिसतो. त्या हातालाच ते "ओ ताई, दोन द्या" म्हणतात.

सुट्टीच्या दिवशी दप्तरखान्यात जायचे. जायचे म्हणजे, ते आता संपलं. तिथे जुन्या जहाजांच्या याद्या आहेत. जहाज सुटण्याआधी प्रत्येक खलाशाची एक ओळ भरली जायची: कामाचा प्रकार, वय, आधीचं जहाज, वर्तणूक, काही झाल्यास कोणाला कळवावे, शेरा. मी त्या इतक्या वाचल्या की आता सरळ पहिल्यापासून सांगायला बसले तर मधेच उठून पाणी प्यायला जाते. म्हणून रकान्यांनीच सांगते. क्रम चुकेल. चुकू दे.

शेरा

खरं तर हा रकाना शेवटी असतो.

माझा मुलगा नापास झाला. बाकी सगळ्यात उत्तम, दोरी, नकाशे, यंत्रं, पोहणं. डोळ्यांत नापास. बोटीवर घेण्याआधी एका काळोख्या खोलीत बसवतात, समोरच्या कंदिलात दोन बारीक दिवे लागतात आणि त्यांचे रंग सांगायचे असतात. लाल, हिरवा, पांढरा, एवढेच तीन. त्याने सांगितले आणि डॉक्टरांनी लिहिलं: रंग ओळखता येत नाहीत, समुद्रावरच्या कामाला अपात्र.

"कंदीलच बिघडलेला होता," तो घरी येऊन म्हणाला.

"आणि बाकीच्या पोरांना तोच कंदील दाखवला ना?"

"त्यांच्या वेळी नीट असेल."

आणखी एकदाच बसता येतं, दोन महिन्यांनी. त्यातही गेला तर बोटीचं दार कायमचं बंद.

वय

मुलाचं: मिशी ठेवावी की नको हे अजून ठरत नाही एवढं. सगळे त्याला लंबू म्हणतात, कारण तो दारातून वाकून आत येतो आणि वाकायला विसरला की घरभर आवाज होतो.

काकांचं: स्वतःच एकदा पंच्याहत्तर सांगतात, एकदा ऐंशी. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. लंबू त्यांना आजोबाच म्हणतो. आमच्याच गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहतात, दुपारचं जेवायला आमच्याकडे येतात आणि भाजीला नाव ठेवल्याशिवाय उठत नाहीत.

माझ्या नवऱ्याचंही लिहू? तो कपड्यांच्या दुकानात आहे. पाण्याशी त्याचा संबंध आंघोळीपुरता. लग्नानंतर एकदा मी त्याला फेरीबोटीने पलीकडे नेलं, येताना तो पूल शोधून चालत आला.

बाबा राहिले. बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. जन्मभर सुकाणूवर.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "घरात आधी कोणाला आहे का असं?" मी त्यांचं वाक्य संपू दिलं नाही. "अहो डॉक्टर, आमच्या घरात पाच पिढ्या बोटीवर आहेत. आमची पोरं चालायच्या आधी पोहतात. रंग दिसत नसते तर पाच पिढ्या बुडाल्या असत्या ना!"

"असं का," ते म्हणाले, आणि पुढच्याला हाक मारली.

तेव्हा मी ठरवलं, लिहून आणते. पाचही पिढ्या, कागदावर, शिक्क्यानिशी. डॉक्टर चुकलेत एवढंच मला हवं होतं. त्यापलीकडे कोण पूर्वज नि कोण काय, मला घेणं नव्हतं.

आधीचं जहाज

दप्तरखान्यातल्या बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "पेन बाहेर ठेवा. आत फक्त पेन्सिल."

"आणि खोडरबर?"

"खोडरबर असलेल्या माणसाला तर मी आतच घेत नाही."

बाबांपासून सुरुवात केली. खलाशाच्या ओळीत आधीचं जहाज लिहिलेलं असतं. त्या जहाजाची यादी मागवायची, तिथे तो सापडतो, तिथे त्याच्याही आधीचं जहाज. असं उलटं उलटं चालायचं. कधी यादीला वाळवी. कधी पान समुद्राच्या पाण्याने भिजून वाळलेलं, हात लावला की आवाज करतं. मी एका जागी बसायची नाही. पान खिडकीपाशी नेऊ नका, उभं राहून वाचू नका, पेन्सिल चावू नका. बाईंचं सारखं चालू.

मी एक गोष्ट शोधत होते. आमच्या घरात एक नियम आहे, म्हणजे होता: सख्खे भाऊ पहाऱ्यावर एकटे उभे राहत नाहीत. एक सुकाणू धरणार, दुसरा बाजूला उभा राहून समोर बघणार. बाबा आणि काका तसेच. कुठलीही बोट असो, दोघांना एकच पाळी द्यायची, नाहीतर दोघंही उतरणार. लहानपणापासून ऐकत आले, हे पणजोबांच्याही आधीपासूनचं. घराण्याची रीत. जिथे दोन भाऊ एका पाळीवर दिसतील तिथे आमची माणसं, असं मी बाईंना सांगून ठेवलं होतं.

आजोबा सापडले. एकटे.

त्यांना भाऊ होता, पण तो दुसऱ्याच जहाजावर, दुसऱ्याच दिशेला. पणजोबाही एकटे. त्यांच्या भावांपैकी एक तर सुतार, पाण्यात उतरलाच नाही. त्यांच्या आधीचेही एकटे. वर्तणूक चांगली, वर्तणूक चांगली, दारू पितो, वर्तणूक चांगली. भावाभावांची जोडी कुठे नाहीच.

"रीत कुठे गेली हो?" मी बाईंना विचारलं.

"तुमच्या घरची रीत मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी पण म्हणतात, आम्ही सरदार होतो. कोणाचे, ते मात्र कोणी सांगत नाही."

वर्तणूक

हे मी टाळत होते, डॉक्टरांपुढेही.

काकांच्या नावापुढे हा रकाना वाईट आहे.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. बाबांची नि काकांची बोट रात्री बंदरात शिरताना एका मासेमारीच्या होडीवर गेली. होडीतला एक माणूस बुडाला. चौकशी झाली. बाबा सुकाणूवर होते, दिवा बघायचं काम काकांचं. काका म्हणाले, मी बघत होतो, मीच दिव्याचा रंग चुकीचा सांगितला, मला लाल-हिरवं कळत नाही. त्यांचा परवाना काढून घेतला. मग ते धक्क्यावर दोर बांधायला लागले आणि म्हातारे होईपर्यंत तेच केलं. बाबा बोटीवर राहिले.

धक्क्यावर काकांना 'दिवे' नाव पडलं. लावले ना शेवटी दिवे! आजही जुने लोक मला खिडकीतून विचारतात, "दिवेकाका बरे आहेत ना?" वाईट मनाने नाही विचारत. नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

आमच्या घरी कोणी त्यांना काही बोललं नाही. पण आईने मला त्यांच्याबरोबर कधी होडीत जाऊ दिलं नाही.

चुकीची रांग

असा रकाना नाही. पण घालते.

चार पिढ्या झाल्या तेव्हा मी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. पाचवीसाठी थांबवलं नाही. फेरीच्या जुन्या वेळापत्रकाच्या पाठीमागे झाड काढलं होतं: पणजोबांचे वडील, खाली पणजोबा, खाली आजोबा, खाली बाबा, खाली मी, खाली लंबू. "हे बघा. सगळे सुकाणूवर. एकालाही नव्हतं."

डॉक्टरांनी कागद नीट बघितला, माझ्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही चुकीच्या रांगेत उभ्या आहात."

तिकिटं देणाऱ्या बाईला हे सांगायचं म्हणजे!

"हे बापाकडून मुलाकडे जातच नाही," ते म्हणाले. "बापाकडून मुलीकडे जातं. मुलीला स्वतःला सगळं नीट दिसतं, तिला पत्ताही नसतो. पुढे तिच्या मुलाला होऊ शकतं. तुमच्या लंबूला तुमच्याकडून आलंय. तुमच्याकडे तुमच्या वडिलांकडून. किंवा आईकडून, तिच्या माहेरच्यांकडून."

"आईचं माहेर रंगाऱ्यांचं होतं. पाण्यातून कापड काढायच्या आधी सांगायचे कुठल्या छटेचं निघणार ते."

"मग वडील."

"बाबा जन्मभर सुकाणूवर होते!"

"ते तुम्ही मघाशी सांगितलंत," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "आमच्याकडून काही आलं नाही बरं का. लिहून ठेव कुठेतरी." मी ताट आपटलं तेव्हा गप्प झाला.

कोणाला कळवावे

पुन्हा दप्तरखान्यात. आता बायका शोधायच्या होत्या, आणि जहाजांच्या याद्यांत बायका नसतात.

असतात. एकाच रकान्यात. माणूस बुडाला तर कोणाला कळवावे. तिथे बायको, आई, एखाद्याची बहीण. नुसतं नाव नाही, कोणाची मुलगी तेही लिहिलेलं असतं, म्हणजे निरोप चुकीच्या घरी जाऊन भलतीच बाई रडू नये. सगळ्या बायका त्या रकान्यात वाट बघत उभ्या होत्या आणि मी इतके दिवस त्यांच्यावरून बोट पुढे नेत होते.

बाबांच्या ओळीत काय लिहिलं होतं ते सांगू? कोणाला कळवावे: धाकटा भाऊ. धाकटा भाऊ म्हणजे काका, त्याच बोटीवर, त्याच पाळीवर, हातभर अंतरावर. बुडाले असते तर दोघंही. कळवणार कोण कोणाला?

आजोबांच्या ओळीत: पत्नी, अमक्याची मुलगी. ही माझी आजी, बाबांची आई. ती मी बघितलेली नाही, बाबा लहान असतानाच आजोबा गेले नि तिने दोघा मुलांना एकटीने वाढवलं एवढंच माहीत. तो अमका कोण ते काढायला बाईंनी मला तीन कपाटं दाखवली आणि स्वतः डबा खायला गेल्या.

आजीचे वडील. खलाशी. सापडले.

त्यांच्या खालच्याच ओळीत त्यांचा सख्खा भाऊ. आधीचं जहाज बघितलं, तिथेही दोघं. त्याच्या आधीही. एकाच पाळीवर. आणि एका कप्तानाने कंटाळून शेरा मारलेला: *दोघे चांगले खलाशी. वेगळ्या पाळीवर टाकल्यास काम सोडतात. कारण सांगत नाहीत.*

मी उभी राहिले. "बसा," बाई लांबून म्हणाल्या. मी बसले आणि परत उभी राहिले.

म्हणजे रीत आमच्या घराण्याची नव्हतीच. आजीने माहेरून आणली होती. तिच्या वडिलांना लाल-हिरवं कळत नव्हतं आणि त्यांच्या भावाला कळत होतं, हे तिला माहीत असणार. मग तिच्या स्वतःच्या थोरल्या मुलाचंही तिच्या लक्षात आलं असणार, कधीतरी, कपडे वाळत घालताना नाहीतर भाजी निवडताना. आणि तिने दोघांना सांगितलं असणार: पहाऱ्यावर एकटं उभं राहायचं नाही. आपल्या घराण्याची रीत आहे.

थोरला म्हणजे बाबा.

काका नाही. बाबा.

वेळापत्रक उलटं करून झाड पुन्हा काढायला गेले. आजीचे वडील, मग आजी, मग बाबा, मग मी, मग लंबू. पुरुष, बाई, पुरुष, बाई, पुरुष. पेन्सिलीचं टोक मोडलं. बाईंकडे मागायला गेले नाही.

कामाचा प्रकार (पुन्हा)

त्याच आठवड्यात वारा सुटला आणि फेऱ्या बंद केल्या. दुपारीच घरी आले.

स्वयंपाकघराच्या खिडकीला कांबळं ठोकलेलं. आत काळोख.

"दार लाव! उजेड येतोय," आतून काकांचा आवाज.

"माझं स्वयंपाकघर आहे ते."

"असू दे. लाव."

डोळे सरावल्यावर दिसलं. टेबलाच्या एका टोकाला काका, हातात बॅटरी, पुढे टॉफीच्या चमकत्या कागदांचा ढीग. दुसऱ्या टोकाला लंबू, तोंडात टॉफ्या. काका बॅटरीवर एकेक कागद धरत होते.

"हा?"

"लाल."

"कशावरून?"

"बसका आहे. विझत आल्यासारखा."

"बरोबर. हा?"

"पांढुरका... हिरवा."

"आणि हा?"

"पांढरा. नाही, थांबा. पांढराच."

"थांबा म्हणायचं नाही. डॉक्टरसमोर थांबलास की गेलास. रंग बघू नको, तो तुझ्या नशिबात नाही. उजेड बघ. भरलेला की रिकामा, एवढंच बघ."

मी दिवा लावला. दोघांनीही डोळ्यांवर हात घेतले.

"हे काय चाललंय?"

"अभ्यास," लंबू म्हणाला. "आई, बारापैकी अकरा येतात आता! आजोबांना सगळं माहीत आहे. त्यांना पण असंच दिसतं ना, म्हणून तर तेव्हा ते..." तो थांबला. त्या अपघाताबद्दल काकांसमोर बोलायचं नाही हे त्यालाही माहीत होतं.

"बोल की," काका म्हणाले. "मला तसंच दिसतं. सगळ्या धक्क्याला माहीत आहे."

"काका, तुमच्याकडून माझ्यात येऊ शकत नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलंय. बापाकडून मुलीत येतं. आणि मी आजीचे वडील शोधून काढलेत. त्यांना भाऊ होता. दोघं एका पाळीवर."

काका कागद गोळा करायला लागले. लाल एका बाजूला, हिरवे दुसऱ्या, पांढरे तिसऱ्या. विचारही न करता. एकही चुकला नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की मी त्यांच्या हाताकडे बघतेय आणि त्यांनी सगळे परत एकात मिसळले.

"चहा टाक," ते म्हणाले.

"नाही टाकणार. तुम्हाला कसं कळलं की लाल बसका दिसतो?"

"त्यानेच सांगितलं. रोज विचारायचो त्याला, दादा, आता काय दिसतंय? आता काय दिसतंय? जन्मभर तेच तर काम केलं मी."

लंबू एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. "म्हणजे आजोबांना? माझ्या सख्ख्या आजोबांना?"

"आणि त्या रात्री?" मी विचारलं.

काकांनी बॅटरी बंद केली. मग जे बोलले ते भाजीबद्दल बोलावं तसं.

"दाढ दुखत होती. ठणका असा की डोळ्यांपुढे चांदण्या. म्हटलं, खाली जाऊन लवंग घेऊन येतो, तू हळू चालव. खाली लवंग सापडेना. कोणी कुठे ठेवली होती देव जाणे. तेवढ्यात होडीचा लाल दिवा समोर आला. त्याला बसका दिसला. त्याला वाटलं, लांब आहे."

"आणि तुम्ही चौकशीत सांगितलंत..."

"मी बाजूला होतो असं सांगितलं. मग? माझे डोळे चांगले होते, मला जमिनीवर कुठलंही काम मिळालं असतं. मिळालंही. त्याला सुकाणूशिवाय काय येत होतं? आणि तू होतीस, तुझी आई होती."

"पण पुढे वीस वर्षं बाबा तुमच्याशिवाय..."

"गप्पिष्ट माणूस घ्यायचा पहाऱ्याला." काकांना हसू आलं. "गप्पिष्ट माणूस जे दिसेल ते बोलतो. तो बघ लाल, तो बघ हिरवा, ती बघ कोणाची बायको धक्क्यावर उभी आहे. त्याने फक्त ऐकायचं. तुमच्या घरी यायचे ना ते सगळे, आठवत नाहीत? डोकं उठवायचे."

आठवत होते. आई म्हणायची, तुमच्या मित्रांत एक तरी तोंड मिटणारा आणा.

लंबूने टेबलावर थाप मारली. "मग झालं तर! आजोबा जन्मभर बोटीवर होते. त्यांच्या आधीचे पण होते. एकदाच चुकलं, ते पण दाढ दुखली म्हणून!"

"एक माणूस मेला," मी म्हटलं.

"बोटीवर माणसं मरतात आई. डोळेवाली पण मरतात."

मी काकांकडे बघत होते, ते बोलतील म्हणून. त्यांनी कागदांतली एक टॉफी शोधली, सोलली आणि तोंडात टाकली.

मी जे खोटं ठरवायला निघाले होते ते खरं निघालं, आणि खरं निघून माझ्याच पोराच्या कामी आलं. आता त्याच्याकडे पूर्वज होते, आणि मीच शोधून दिलेले.

रिकामा

परीक्षेपर्यंतचे दिवस. यात भरण्यासारखं काही नाही. कांबळं खिडकीला रोज ठोकलेलं. मी काकांना एकदा जिन्यात गाठून म्हटलं, "थांबवा हे."

"का? दोघं असले की चालतं. आम्ही चालवून दाखवलं."

"याला भाऊ कुठे आहे?"

"मिळेल कोणीतरी. गप्पिष्ट."

लंबूला म्हटलं, मी डॉक्टरांना सांगेन. तो म्हणाला, "सांग. मग मी काय करू तेही सांग. तुझ्या बाजूच्या खिडकीत बसू?" तिकिटांना मी कधी कमी लेखलं नव्हतं. त्याने लेखलं. त्यानंतर खिडकीत मी एका माणसाला दोनदा सुटे पैसे परत दिले, आणि कोणाला तरी दिलेच नाहीत, तो भांडून गेला.

लंबू आनंदात होता, हे पण लिहायला हवं. बारापैकी बारा यायला लागले होते. आंघोळ करताना गायचा. नापास झाल्यापासून पहिल्यांदा.

शेरा (खरा)

परीक्षेच्या दिवशी तिघं गेलो. काकांनी धुतलेला सदरा घातला होता. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं, आत लंबू. दार पातळ, सगळं ऐकू येत होतं.

"लाल, हिरवा."

"हिरवा, पांढरा."

"लाल, लाल."

कुठेही थांबत नव्हता. काकांनी गुडघ्यावर हात ठेवला होता, प्रत्येक उत्तराला एक बोट उचलायचे. मी उठले, भिंतीपर्यंत गेले, परत आले. आत जाऊन सांगायचं की नाही? दाराच्या कडीपर्यंत हात गेला. आतून त्याचा आवाज ऐकला, इतका मोकळा, की हात मागे घेतला. परत बसले.

दार उघडलं. डॉक्टर लंबूच्या पाठीवर हात ठेवून बाहेर आले. "एकच चूक. एक चालते. मागच्या वेळी काय झालं होतं रे?"

"घाबरलो होतो."

"होतं असं." मग ते काकांकडे वळले. "तुम्ही आजोबा? बोटीवरचे ना? या बाईंनी तुमच्या घराण्यासाठी दप्तरखाना पालथा घातला. तुमच्याच तोंडून ऐकतो: घरात कोणाला होतं का हे? नाही म्हणा, मी शिक्का मारून टाकतो."

लंबू काकांकडे बघून हसत होता. माझ्याकडे बघतच नव्हता, माझी भीती होती त्याला.

काका म्हणाले, "डॉक्टर, एक विचारू? रात्रीच्या पाळीला याच्या बाजूला कोण असेल?"

"बाजूला?"

"सुकाणूपाशी. दुसरा माणूस."

"आता कुठे दोघं उभे करतात आजोबा! एकटाच असतो. यंत्रं असतात सगळी."

"ती बोलतात का?"

"म्हणजे?"

"तो बघ लाल, असं म्हणतात का?"

डॉक्टर हसले. "काही काही पी पी करतात."

"आणि याची दाढ दुखली तर?"

"आजोबा," लंबू म्हणाला. "चला. घरी चला."

काका उठले नाहीत. "कोणीच नसतं?" त्यांनी पुन्हा विचारलं. "एकही माणूस नाही?"

"सांगितलं ना, एकटा."

"मग मारू नका शिक्का," काका म्हणाले. "माझ्या थोरल्या भावाला होतं. याच्या आजोबाला. होडी त्याने बुडवली, मी नाही. याला मी शिकवलंय, टॉफीच्या कागदांवर. उजेड कमी-जास्त करून परत घ्या परीक्षा."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी मान हलवली. हो म्हणून. तेवढंच मला जमलं, आणि तेही काकांच्या मागून.

लंबू आत गेला. दार वाकून ओलांडलं, नीट. या वेळी उत्तरं लगेच येईनात. मग एकदा आलं, "लाल". मग "हिरवा... नाही, लाल". मग बराच वेळ काही नाही. मग हळू आवाजात, "माहीत नाही." डॉक्टरांनी आणखी एक लावला असावा. "माहीत नाही." आणखी एक. "सांगितलं ना, माहीत नाही."

काकांची बोटं गुडघ्यावर तशीच होती.

परतताना लंबू पुढे गेला. त्याच्या ढांगा मोठ्या. काका मागे पडले, त्यांना दम लागला होता, आणि एवढ्या वर्षांनी भावाचं नाव असं भर दवाखान्यात घेतलं म्हणून ते स्वतःशीच पुटपुटत होते, मला नीट ऐकू आलं नाही. मी मधे. लंबूला गाठायला पळाले, त्याच्या खांद्याला हात लावला, त्याने खांदा काढून घेतला. मागे वळून बघितलं तर काका एका दुकानाच्या पायरीवर बसलेले. परत मागे आले.

"तू जा त्याच्याबरोबर," काका म्हणाले. "मला कशाला सोबत हवी?"

"तो बोलत नाही."

"माझ्याशी तर बोलणारच नाही. तुझ्याशी बोलेल कधीतरी. जा."

गेले. पुन्हा निम्म्या रस्त्यात थांबले, वळून बघितलं, काका उठले होते का ते बघायला. उठले होते. हळूहळू येत होते. पुढे लंबू वळणापाशी पोचला होता. मी त्याला हाक मारली, मोठ्याने, लोक बघायला लागले. तो थांबला नाही, पण चाल कमी केली. मी तिथेच, दोघांच्या मधे, एकदा इकडे, एकदा तिकडे बघत चालत राहिले.